हरभऱ्याच्या पोत्याखालची सायकल

धाराशिव जिल्ह्यात सायकल चालवायला गेले होते असं सांगितलं की पुण्यातले लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "म्हणजे उस्मानाबाद ना?" आणि दुसरा, "तिथं काय आहे चालवण्यासारखं?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, हो. दुसऱ्याचं जरा लांबलचक आहे, कारण ठरवलेल्या रस्त्यातला निम्म्याहून जास्त रस्ता मी सायकलवर बसून नव्हे, सायकल गाडीत घालून केला. पण त्या बदल्यात जे पाहायला मिळालं ते पायडल मारून मिळालं नसतं.

आधी माझी ओळख. मी दातांची डॉक्टर. उभा जन्म लोकांच्या तोंडात वाकून गेला, मान आखडली, तेव्हा कुणीतरी सायकल चालव म्हणालं आणि ते वेड लागलं ते लागलंच. दवाखान्यात माझा एकच हट्ट असतो, दात काढायचा नाही, वाचवायचा. काढायला काय, चिमटा धरणारा कुणीही काढेल. माझा नवरा मिलिंद नेमका उलट्या पंथातला. मिक्सरचं भांडं गळायला लागलं की तो नवा मिक्सर आणतो, आणि त्याच्याबरोबर मोफत मिळतो म्हणून एक टोस्टरही. आमच्या माळ्यावर तीन टोस्टर आहेत.

माझी सायकल कार्बनची आहे. हे सांगितल्यावर सासूबाईंनी ती कोळशाची का म्हणून विचारलं होतं, म्हणून खुलासा करते. कार्बनच्या बारीक धाग्यांचं कापड चिकट द्रावणात भिजवून, थरावर थर देऊन साच्यात घट्ट केलं की ही फ्रेम तयार होते. लोखंडासारखी दणकट आणि तरीही दोन बोटांनी उचलता येते इतकी हलकी. तिचा नखरा एकच. रस्त्याचे हादरे ती हसत सोसते, पण बाजूनं कुणी दाबलं तर मुकाट्यानं तडकते.

अणदूर

माझ्या दवाखान्यात सुरेखा नावाची मदतनीस आहे. ती नसेल तर मला दवाखाना चालवता येत नाही. मी नसेन तर तिला बहुधा येईल. तिचं माहेर अणदूरचं. "मॅडम, एकदा आमच्याकडं या," हे ती इतकी वर्षं म्हणत होती की शेवटी मी बेतच आखला. अणदूर, तुळजापूर, भूम, आणि शेवटी सोनारीच्या भैरवनाथाचं दर्शन, सगळं सायकलवरून. सुरेखाला सुट्टी द्यायची तर दवाखाना बंद ठेवावा लागला असता, म्हणून ती पुण्यात राहिली आणि तिच्या माहेरी मी गेले.

सोलापूरपर्यंत रेल्वे आणि तिथून हैदराबादच्या रस्त्यानं सायकल. माघ सरत आला होता. दोन्ही बाजूंना काढणीला आलेली ज्वारी, मधेच उपटून ठेवलेल्या हरभऱ्याचे ढीग, आणि तोंडावर वारा. चहाला थांबले तेव्हा उगाच चार पावलं उलट दिशेला चालून पाहिलं, तर तिकडूनही वारा समोरूनच. टपरीवरच्या एका आजोबांनी माझं हेल्मेट, हातमोजे आणि घामेजलेलं तोंड नीट न्याहाळलं.

"पेट्रोल परवडंना का, ताई?"

"तसं नाही आजोबा. व्यायाम म्हणून."

"मग शेतावर या की. ज्वारी काढायलाव आमी. व्यायाम बी व्हईल, जेवण बी."

अणदुरात सुरेखाचा भाऊ दत्ता रस्त्यावरच येऊन उभा होता. तिशीचा, तोंडापेक्षा हात जास्त चालणारा माणूस. स्वतःची पिकअप गाडी आहे, भाडी मारतो. त्यानं माझी सायकल एका हातानं उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"मॅडम, हे तर कायच न्हाय. वाऱ्यानं उडून जाईल."

मी हसले. त्याला ते हसणं दुजोऱ्यासारखं वाटलं असावं.

दत्ताची बायको वैशाली हिनं जेवायला वाढलं. कडक भाकरी, भाजून दळलेल्या येसर मसाल्याची आमटी, शेंगाची चटणी आणि दही. पुण्यात आपण "पुरे" म्हणालो की वाढणारा थांबतो. इथं "पुरे" म्हणजे जेवण सुरू झाल्याची खूण आहे. जेवण होऊन हात धुते न धुते तोच अंगणात गल्लीतल्या बायकांची रांग लागली. पुण्याच्या दाताच्या डॉक्टरीणबाई आल्यात ही बातमी माझ्या आधी पोचली होती. मोबाइलच्या उजेडात मी कितीतरी तोंडं पाहिली आणि प्रत्येकीला सांगितलं की दाढ वाचेल. एकीच्या तोंडात वाचवायला दाढच उरली नव्हती, तिला मात्र धीर दिला.

संध्याकाळी दत्ता खंडोबाला घेऊन गेला. या खंडोबाचा संसार दोन गावांत आहे. वर्षातले दहाएक महिने देव अणदुरात आणि उरलेले दिवस शेजारच्या नळदुर्गात. मूर्ती एकच, देवळं दोन. देव कधी यायचा, कधी परत पाठवायचा, याचा दोन्ही गावांत रीतसर लेखी करार होतो. आम्ही पुण्यात भाडेकरूशी अकरा महिन्यांचा करार करतो आणि तरी भांडतो. मी विचारलं, नळदुर्गकरांनी दुसरी मूर्ती का नाही बसवली? दत्ता म्हणाला, "दुसरी कशाला, मॅडम? हाय की एक."

परत आलो तर सुरेखाचा फोन. आवाज जरा मऊ होता, म्हणजे काहीतरी काम होतं.

काम असं होतं. वैशालीचं माहेर भूमचं. तिच्या वडिलांची, आण्णांची, खव्याची भट्टी आहे. भूमकडं घरोघर म्हशी आणि गल्लोगल्ली खवा. आण्णांचा खवा रोज सोलापूरला जातो. आधीच्या गाडीवाल्यानं दोनदा खवा उन्हात ठेवून नासवला, तेव्हापासून आण्णा नवा माणूस शोधत होते. दत्ताला ते काम हवं होतं. रोजचं बांधलेलं भाडं म्हणजे गाडीच्या हप्त्याची चिंता मिटली. पण आण्णा हो म्हणेनात आणि नाही म्हणेनात. "लेक दिली. आता खवा बी द्यायचा का?" एवढंच एकदा कुणापाशी बोलले होते.

"म्हणून म्हणते मॅडम," सुरेखा म्हणाली, "तुम्ही भूमपर्यंत दत्ताच्या गाडीतून जा. सायकल मागं टाका. आण्णांचा कुणावर इतबार बसत नाही. पण पुण्याच्या डॉक्टरीणबाई सामानसुमानासकट धडधाकट उतरल्या, हे डोळ्यांनी बघितलं की अर्धं काम झालं."

थोडक्यात, मी खव्याचा नमुना होते. मी मान्य केलं. सुरेखानं आजवर माझ्यासाठी जे केलंय त्यापुढं हे काहीच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या वाऱ्याचा मलाही कंटाळा आला होता.

तुळजापूर आणि पुढं

सकाळी दत्तानं गाडी धुतली, पुढं झेंडूची माळ बांधली. मागं गोधडी अंथरून मी स्वतःच्या हातानं सायकल आडवी ठेवली. शेजारी नव्या हरभऱ्याचं एक भरगच्च पोतं होतं, सासुरवाडीला द्यायचं. पुढं आम्ही तिघं, दत्ता, वैशाली आणि मधे मी.

दत्ता गाडी खरोखर छान चालवतो. नवरी घेऊन निघाल्यासारखी चालवत होता. तुळजापुरात मी आणि वैशाली आईच्या दर्शनाला गेलो, दत्ता गाडीपाशी थांबला. येताना वैशालीनं हळदीकुंकू आणि परडीत वाढायला पीठ घेतलं, आणि देवीपुढं काय मागितलं ते मला न विचारताच सांगितलं. "खव्याचं." मीही तेच मागितलं होतं. एवढ्या लांब जाऊन स्वतःसाठी काही मागायचं राहूनच गेलं.

धाराशिव मागं पडलं, येरमाळ्यानंतर आम्ही भूमच्या रस्त्याला लागलो. इकडं जमीन कोरडी होत जाते, माळ उघडा पडतो, आणि प्रत्येक वस्तीला आपापला गतिरोधक आहे. एका गतिरोधकावरून गाडी हळूच चढून उतरली आणि मागून "टक्" असा आवाज आला. बारीकसा. भाताच्या घासात खडा आला की दाढेतून येतो तसा. मी व्यवसायानं त्या आवाजाची जाणकार आहे.

"मागं काय वाजलं?"

"काय न्हाय मॅडम. बिनघोर बसा. समदं दाबून ठिवलंय."

दाबून या शब्दाचा मी तेव्हा विचार केला नाही.

भूम

आण्णांच्या दारात गाडी थांबली तेव्हा काकू, म्हणजे आण्णांच्या पत्नी, भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभ्याच होत्या. लेक-जावयावरून तुकडा ओवाळून टाकला, मग माझ्यावरूनही. आण्णा बाजूला हात पाठीशी बांधून उभे. काटकुळे, धोतर, टोपी, चेहऱ्यावर कसलाही मजकूर नाही. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. चाकं पाहिली, आरसा पाहिला. मग मला म्हणाले, "तरास न्हाय ना झाला?"

"अजिबात नाही. दत्ता फार जपून चालवतो," मी म्हणाले, नमुन्याला शोभेल अशा आवाजात.

दत्तानं अभिमानानं गाडीचा मागचा फाळका पाडला. सायकल दिसत नव्हती. दिसत होतं ते पोतं. तुळजापुरात आम्ही दर्शनाला गेलो असताना वारा सुटला, सायकल हलली, आणि ती उडून जाऊ नये म्हणून या भल्या माणसानं पोतं उचलून तिच्या बरोबर मधोमध ठेवलं होतं.

त्यानं पोतं उतरवलं. वरची आडवी नळी चेपली होती, आणि चिरेतून काळे धागे बाहेर आले होते. दत्तानं पाहिलं. मी पाहिलं. आमची नजरानजर झाली आणि मी खांद्यावरचा टॉवेल काढून त्या नळीवर टाकला.

"ऊन लागतं तिला," मी आण्णांना म्हणाले.

सगळे चहाला आत गेल्यावर मी एकटीच सायकलपाशी आले. दाताच्या मुळाशी दुखणं आहे का हे बघायला आम्ही त्यावर हळूच टिचकी मारतो. कार्बनलाही हीच परीक्षा चालते. रुपयाचं नाणं काढून नळीवर वाजवत गेले. टण्, टण्, टण्, आणि मधे पोचल्यावर आवाज बसला. मागून आण्णांचा आवाज आला.

"बद्द वाजतंय."

ते कधी येऊन उभे राहिले मला कळलंच नव्हतं. "मडकं असतं तर म्या घेतलं नसतं," ते म्हणाले आणि आत गेले.

आता इथल्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. सासुरवाडीत जावई चुकत नाही. आमच्या घरी जावई आला की त्याला आधी गाडी नीट लावायला सांगतात. इथं जावयाच्या हातून घर पडलं तरी दोष भिंतीचा. म्हणजे दत्ताला कुणी काही बोलणार नव्हतं. पण न बोलता आण्णा मनात काय धरतील ते धरतील, आणि खवा तिसऱ्याच माणसाच्या गाडीतून जाईल. ज्याला पाहुणीची एक सायकल धड आणता आली नाही, त्याच्या हाती कोण खवा देईल?

संध्याकाळी ओसरीवर बैठक बसली. सायकल मधोमध, भोवती आम्ही. सगळे सायकलकडं बघत होते आणि दत्ताकडं कुणीच बघत नव्हतं.

"रस्ता लई खराब हाय," काकू म्हणाल्या.

"गतिरोधक," वैशाली म्हणाली.

"रस्ता खराबच हाय," आण्णा म्हणाले.

एवढ्यावर भागलं असतं, पण मला राहवलं नाही. रस्त्यावर खापर फोडलं तरी गाडी दत्ताचीच होती. मी म्हणाले, "नाही हो, ती चीर जुनीच आहे. पुण्याहूनच होती."

नेमका तेव्हा मिलिंदचा व्हिडिओ कॉल आला. काकूंना डॉक्टरीणबाईंचे साहेब बघायचे होते, म्हणून फोन सगळ्यांपुढं धरला. मिलिंदला ओसरी दिसली, काकू दिसल्या आणि मग सायकल दिसली.

"अगं, ही फ्रेम गेली. टाकून दे, नवी घेऊ," तो आनंदानं म्हणाला. "पण झालं कसं? काल अणदूरहून फोटो पाठवलास तेव्हा तर चकाचक होती." आणि मी फोन ओढून घेईपर्यंत ती सायकल कितीला घेतली होती तो आकडाही त्यानं सांगून टाकला.

मी रेंज गेली म्हणाले. काकूंनी माझ्या हातात खव्याची वाटी दिली. ताजा, कोमट, जरा खरपूस वासाचा खवा मी मान खाली घालून खाल्ला आणि अपराधी वाटत असतानाही तो अप्रतिम लागला.

आण्णा मनाशी हिशेब करत होते. त्यांनी मिलिंदचा आकडा स्वतःच्या चलनात बदलला.

"म्हंजे चांगल्या दोन म्हशी," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाई, कशानं झालं ते म्या इचारत न्हाय. आमच्या दारात मोडकी उतरली. वस्तू मोडली तर वस्तू द्यायची. गोठ्यात एक गाभण हाय, ती घेऊन जा. दुसरीचं दिवाळीला बघू."

मला वाटलं थट्टा असेल. पण आण्णांच्या चेहऱ्यावर थट्टेची जागा नव्हती. मी सांगितलं की आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

"खाली गाडी लावायला जागा असंल की."

"आण्णा, बदलायचं काय कारण?" दत्ता पहिल्यांदाच बोलला. "दुरुस्त व्हतंय की. पाण्याच्या टाकीला फायबरचा पॅच मारणारा माणूस हाय बाजारात. वरून लांबी, म्हंजे पुट्टी, भरायची, रंग मारायचा. कळणार बी न्हाय."

मग मला उमगलं की या घरात दुरुस्ती आणि बदली या दोन शब्दांचे अर्थ वेगळे आहेत. दुरुस्त झाली तर काही मोडलंच नव्हतं. बदलावी लागली तर मोडली होती, आणि कुणीतरी मोडली होती. आण्णा म्हैस देऊन घराची अब्रू राखणार होते, पण ती म्हैस जन्मभर दत्ताच्या नावानं हंबरणार होती.

"देवाची मूर्ती झिजली की वज्रलेप देत्यात न्हवं का," काकू म्हणाल्या. "तसं काय न्हाय का ह्येला?"

गंमत म्हणजे कार्बनची दुरुस्ती जवळपास तशीच असते. चिकट लेप आणि धागे, थरावर थर. मी मान डोलावणार तेवढ्यात आण्णा म्हणाले, "झिजली तर वज्रलेप. भंगली तर विसर्जन."

"विसर्जन कुठं करताव? नदी कोरडीय," काकूंनी विचारलं.

मला काय वाटत होतं? चीर नळीच्या मध्यावर होती, सांध्यापर्यंत गेली नव्हती. जाणत्या माणसाच्या हातात दिली तर बरी होईल असं वाटत होतं. टाकीवाल्याच्या हातात मात्र नाही. आणि तोवर तिच्यावर बसायचं नाही, कारण अशी नळी उतारावर अचानक दोन होते, आणि मग दातांच्या डॉक्टरला दुसऱ्या दातांच्या डॉक्टरकडं जावं लागतं. पण बसायचं नाही म्हटलं की ती मोडली, आणि मोडली की म्हैस. दत्ता माझ्याकडं बघत होता. मी परीक्षेत नापास होणाऱ्या मुलाची आई असल्यासारखी बोलून गेले.

"अहो, अगदी किरकोळ आहे. चूक माझीच, मीच आडवी ठेवली. उद्या मी हिच्यावरूनच सोनारीला जाणार आहे."

आण्णांनी एकदा सायकलकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाले.

सोनारी

सकाळी अंगणात येऊन पाहते तर सगळं घर निरोपाला उभं. पुण्यात आपण पाहुण्याला लिफ्टपर्यंत सोडतो आणि लिफ्टचं दार लागायच्या आत आपलं दार लावतो. इथं काकूंनी डब्यात धपाटे बांधले होते, वैशालीनं माझी ओटी भरली होती, आणि आण्णा दाराच्या उंबऱ्यावर बसून सायकलकडं बघत होते. माझा बेत असा होता की वळणापर्यंत हळूहळू चालवत जायचं, दिसेनाशी झाले की उतरायचं आणि एखादी एसटी गाठायची.

"डॉक्टरीणबाई," आण्णा म्हणाले, "आमी बी येतो सोबत. शीवेपतुर."

शीव म्हणजे गावाची हद्द, आणि मधे चांगला उतार होता.

मी हेल्मेट घातलं. ओठ दातांवर घट्ट मिटून घेतले, जणू त्यानं काही फरक पडणार होता. खरं सांगते, मला भीती वाटत होती, आणि स्वतःचा रागही येत होता. रोज लोकांना सांगायचं की तडकलेल्या दातानं सुपारी फोडू नका, आणि आपण हे. पाय उचलून पलीकडं टाकला आणि सीटवर टेकणार, इतक्यात हँडल कुणीतरी घट्ट धरलं.

दत्ता होता.

"मॅडम, उतरा."

"अरे, काही होत नाही."

"उतरा म्हणलं ना." मग तो वळला. "आण्णा, पोतं म्या ठिवलं व्हतं. हरभऱ्याचं. ह्येंची कायबी चूक न्हाय. माझ्यानं मोडली सायकल."

जावई चुकत नाही हा नियम जावयानंच मोडला होता, आणि त्यावर काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. वैशालीनं तोंडावर पदर धरला.

"पोतं कशापायी?" आण्णांनी विचारलं.

"हलकी हाय. वाऱ्यानं उडंल म्हणून."

काकूंच्या तोंडून एक आवाज निघाला, तो हसण्याचा होता की खोकल्याचा, हे त्यांनाच ठाऊक. आण्णा हसले नाहीत. उठले, मागं भट्टीकडं गेले आणि तिकडंच राहिले. दत्ता अजूनही हँडल धरून उभा होता. मी त्याच्या दंडावर हात ठेवला. त्यानं खवा घालवला होता, माझे दात वाचावेत म्हणून. माझ्या इतक्या वर्षांच्या डॉक्टरकीत इतक्या महागात कुणी माझे दात वाचवले नव्हते.

बऱ्याच वेळानं आण्णा परत आले ते एक जाडजूड वाकळ घेऊन. "गाडी काढा. म्या बी येतो सोनारीला. भैरवनाथाचं दर्शन बी व्हईल."

त्यांनी पुढं बसायला ठाम नकार दिला. मागं वाकळ अंथरली, तीवर बसले आणि सायकल मांडीवर आडवी घेतली. भूमपासून परंड्यापर्यंत आणि तिथून सोनारीपर्यंत हा माणूस टोपी सांभाळत, सायकल छातीशी धरून बसला होता. रस्त्यावरचे लोक थांबून बघत. एका गावात कुणीतरी विचारलं, "आण्णा, कुठं चाललाव?" ते म्हणाले, "दवाखान्यात."

दत्ता पूर्ण रस्ता गाडी हळू चालवत होता. आरशात सारखा मागं बघायचा.

सोनारीला देवळाच्या आवारात भाविकांपेक्षा माकडं जास्त. त्यांना सगळ्यांत आधी काय दिसलं असेल तर सायकल. एक जाडं माकड थेट सीटवर जाऊन बसलं, एकानं घंटी वाजवली. आण्णांनी टोपी काढून त्यांना हाकललं आणि दर्शन होईपर्यंत सायकलपाशी पहारा दिला. आम्ही बाहेर आलो, मग ते आत जाऊन आले. पायरीवर बसून धपाटे सोडले, तेव्हा त्यांनी विचारलं.

"मग काय ठरलं, डॉक्टरीणबाई? काढायची का ठिवायची?"

"ठेवायची," मी म्हणाले. "दुरुस्त करून घेणार. पुण्यात हेच काम करणारा माणूस आहे, त्याच्याकडं नेते. तोपर्यंत बसणार नाही."

असं का ठरवलं ते सांगते. एक तर नवी घेतली असती तर गाभण म्हैस माझ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आली असती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दुसरं, नवी आणली की दत्ता कायमचा मॅडमची सायकल मोडणारा झाला असता. दुरुस्त झाली तर फार तर तिला दुखापत करणारा. आणि सगळ्यांत खरं कारण म्हणजे मला तीच सायकल हवी होती. माझा तिच्यावर जीव आहे, आणि सगळ्याच गोष्टींना हिशेब लावायचा नसतो. मिलिंदला हे अजून पटलेलं नाही. वाचकांच्या जिवाला घोर नको म्हणून सांगून टाकते, की सायकल पुढं नीट झाली. त्या माणसानं चेपलेला भाग घासून काढला आणि धाग्यांचे नवे थर चढवले. तिथं टिचकी मारली तर आवाज पहिल्यासारखा येत नाही, पण बद्दही येत नाही. घाट उतरताना मी ब्रेक जरा आधी दाबते, एवढंच.

माझं उत्तर ऐकून आण्णांनी मान हलवली. धपाट्याचा शेवटचा तुकडा एका माकडाला टाकला, हात झटकले. दत्ता दोन पायऱ्या खाली बसला होता. आण्णा त्याच्याकडं न बघता, समोर कळसाकडं बघत बोलले.

"जावईबापू, खवा जड असतोय."

"व्हय, आण्णा."

"त्यो उडत न्हाय."

"न्हाय, आण्णा."

"मग त्याच्यावर काय ठिवायचं न्हाय. उद्या पहाटं भट्टीवर गाडी लावा."

दत्ता या वेळी व्हय म्हणायचं विसरला.